वेल्माताईचे हरीण

मी, ओर्लिंडा लवेका, वय अठ्ठ्याहत्तर, चित्रकार, राहणार झुनी, हे पूर्ण शुद्धीत सांगते आहे. हात कापतो, डोके ठिकाणावर आहे. लिहिते आहे माझी भाची शार्लीन.

१. आम्हा झुनी लोकांत घर लेकींचे असते. मला मूल नाही. म्हणून घर, अंगणातली पावाची भट्टी आणि आईचा मका दळायचा पाटा शार्लीनला.

२. भाऊ एव्हरेटला माझा चांदीचा पट्टा मिळणार नाही. मी चिकट आहे असे तो गावभर सांगतो. त्याचे खरे व्हावे.

३. गॅलप शहरातल्या प्रदर्शनात ज्या हरणाच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले, ज्याने माझे नाव झाले, ते मी काढलेले नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीने, वेल्माताईने काढले. १९७४ च्या उन्हाळ्यात ती मेंढ्यांच्या तळावर गेली होती आणि चित्र माझ्याकडे वाळत होते. चित्रे विकत घेणारा एक माणूस दारात आला. म्हणाला, "हे तुमचंच ना?"

मी "हो" म्हटले आणि कोपऱ्यात सही केली. त्या माणसाला मी पुढे वर्षानुवर्षे शिव्या दिल्या. त्या परत घेते. त्याने फक्त विचारले होते.

ताईने ते थेट प्रदर्शनातच पाहिले. मला म्हणाली, "पाव भट्टीत आहेत, निघते." त्यानंतर तिने ब्रश धरला नाही, मडक्यांवरसुद्धा नाही. लोक विचारत, तेव्हा मीच सांगे, "तिची नजर अधू झाली." हे खोटे पहिल्याहून नीच.

इथवर लिहून शार्लीन बाहेर गेली. वेल्मा तिची आई. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाली, "पुढे सांग, मावशी."

४. चित्रावर वेल्माताईचे नाव लावावे, असे पत्र, ते आता ज्या संग्रहालयात आहे, त्यांना पाठवले आहे. माझे रंग, ब्रश, चित्रांसाठीच्या कोऱ्या फळ्या ताईला.

५. हे मी गेल्यावर वाचायचे होते. शार्लीन म्हणाली, "मेल्यावर लाज कुणाला वाटणार?" म्हणून काल ताईला बोलावून वाचून दाखवले.

ती म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं तू माझ्या दारावरून मान खाली घालून जायचीस. रोज वाटायचं, आज थांबेल."

मी रडले. तिने रंगाच्या डब्या उघडून पाहिल्या. निम्म्या वाळलेल्या. "तुझ्यासारख्याच," म्हणाली. मग दारातून वळून: "माफ केलं असं लिहू नकोस. अजून केलेलं नाही. उद्या जेवायला ये."

ताईने सांगितले तसेच लिहिले आहे.

सही: ओर्लिंडा लवेका
आमच्यासमोर सही केली: विल्डा क्वाम, शेजारीण; लेलँड त्सादियासी, मेंढपाळ
झुनी, ११ ऑक्टोबर २०२१