बांधावर नेऊन ठेवलेली टिटवीची अंडी

माय, तुझ्या धाकट्याची मला किळस आली आहे. तो तुझा लाडका, म्हणून हे तुला सांगू नये. पण गावात कुणाला सांगितलं तर घरातली घाण चव्हाट्यावर आणली म्हणतील. ती त्यानं स्वतःच आणून ठेवली आहे, मोबाइलमधून. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हते. आता शेळी शिंकली तरी कुणीतरी तिचा व्हिडिओ काढतो आणि खाली लिहितो, पाऊस येणार.

तुला पाऊस स्वयंपाकघरात कळायचा. चुलीमागच्या भिंतीवरून काळ्या मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून आढ्याकडे निघाल्या की तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून अंगणात धावायचीस, वाळत घातलेली मिरची लुगड्याच्या ओच्यात भरायचीस, आणि कोंबड्या धुळीत अंग घोळत आहेत का, तेही जाता जाता पाहून घ्यायचीस. मी तेव्हाही नेमकं बोलणारा. एकदा म्हटलं, मुंग्या तर तू चुलीपाशी पाणी सांडलंस तरी अंडी घेऊन निघतात. तू म्हणालीस, "मंग तवाबी मिरची उचलीन. ओली तं नाई होनार."

टिटवीचं घरटं दाखवायला मात्र तू मला नेलं होतंस. वांग्याच्या वाडीपलीकडे, नाल्याच्या कोरड्या पात्रात. खड्यांनी वेढलेला उथळ खळगा, त्यात चार अंडी, मातकट, काळ्या डागांची, चारही निमुळती टोकं मध्ये जुळलेली. पात्रात घातली तर पाऊस कमी, बांधावर घातली तर भरपूर, हे सगळ्या गावाला पाठ होतं. मी हात पुढे केला आणि तू विळ्याची मूठ मनगटावर मारलीस. "पाहाचं. हात नाई लावाचा. तिनं ठेवलं तिथं ठेवलं." पुढे मी पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधायचं काम कुणी न शिकवता शिकलो, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता जुन्या बाजारातली पुस्तकंही वाचली. टिटवीला पाऊस कळत नाही. अंड्याच्या रंगाशी जिथले खडे जुळतात तिथं ती बसते. हे मी चावडीवर ठणकावून सांगत आलो. लोक हसतात. हसोत.

धाकट्याचं आता उटनूरच्या रस्त्यावर बी-बियाण्याचं दुकान आहे. रोहिणीच्या उन्हात त्यानं व्हिडिओ टाकला. आपल्याच शेताच्या उंच बांधावर उकिडवा बसला आहे, डोक्याला नवं उपरणं, आणि समोर अंडी. आधी मराठीत, मग तेलुगू गिऱ्हाइकांसाठी तेलुगूत सांगतो, टिटवीनं यंदा उंचावर घातली, पाऊस लवकर आणि दणकून, धूळपेर करून टाका, सरकी दुकानात आली आहे. आवाज अगदी तुपातला. कोरड्या मातीत सरकी टाकली आणि पाऊस लांबला तर ती मातीतच करपते, मग बी दुसऱ्यांदा घ्यावं लागतं, आणि दुकान तर त्याचंच. मी व्हिडिओ थांबवून पाहिला. अंडी शेजारी शेजारी मांडलेली, दुकानातल्या लिंबांसारखी. टोकं बाहेर. भोवती एक खडा नाही. कुठलीही टिटवी अशी अंडी ठेवत नाही.

नाल्यात गेलो. तुझ्या त्या जागेपासून थोडं वरच्या अंगाला रिकामा खळगा होता, खड्यांची कड शाबूत. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. तिथून बांधावर गेलो. कावळ्यांनी अंडी फोडली होती, पिवळं मातीवर सुकलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मला ओकारी आली, माय. खरोखरची. मोटारीत जळालेला उंदीर मी हातानं काढतो, तेव्हा येत नाही.

तसाच दुकानावर गेलो. पंधरा-वीस माणसं उभी होती, काहींच्या मोटारसायकलीवर पिशव्या चढलेल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो की अंडी नाल्यात होती, यानं उचलून बांधावर ठेवली. आणि टोकं, खडे, कावळे, सगळं क्रमानं सांगितलं. धाकट्यानं वजनाचा काटा पुसला आणि हसून विचारलं, "दादा, तुले टिटवी पटते काय?"

"नाई पटत."

"मंग अंडी नाल्यात राहो का बांधावर, तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

सगळे हसले. आपल्या वाडीशेजारचा म्हातारा तर म्हणाला, भाऊ, तुमीच सांगत व्हते ना, पाखराले काई समजत नाई. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. जिच्यावर माझा विश्वास नाही तिच्या बाजूनं साक्ष द्यायला गेलेला मी, शहाणा. खोटं ते खोटंच, हे एवढं साधं वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही. घरी येताना सुचलं. त्या आठवड्यात म्हाताऱ्यानं धूळपेर केली. त्याच्यासारख्या बऱ्याच जणांनी केली. धाकट्यानं भांडणाच्याच संध्याकाळी मला पेढे पाठवले, भाऊबंदकी नको म्हणून. मी ते तसेच परत केले.

आता मृग लागून गेला आहे. आभाळ रोज भरतं आणि पुढे निघून जातं. म्हातारा सकाळी सरीतली माती उकरून बी पाहतो, पुन्हा झाकतो. मला पाहिलं की मान वळवतो. माझी सरकी घरात आहे, पिशवी फोडलेली नाही. बायको विचारते, सगळ्यांची झाली, आपली कधी? मी तिला सांगतो, मूठभर माती दाबून तिचा गोळा होईस्तोवर पेरायचं नाही, पुस्तकात तसं आहे. पुस्तकात तसं आहेच.

पण खरं कारण ते नाही. त्या भांडणानंतर मी कुणाला न सांगता नाल्यात जातो. टिटवीनं पुन्हा अंडी घातली आहेत, आधीच्यापेक्षा खाली, अगदी पात्राच्या मधोमध. मी लांबूनच पाहून येतो. आणि रोज घरी येऊन पिशवी जिथं आहे तिथंच राहू देतो. हा कागद बायकोच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन. पण तुला म्हणून सांगतो, मी टिटवीच्या भरवशावर थांबलो आहे.