सहा आठवड्यांची विद्यार्थिनी

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘बराच बरा’ असं लिहू नकोस. नर्सिंग कॉलेजात शिकवणारी बाई स्वतःच्या तब्येतीबद्दल किती खोटं बोलते, ते मी जाणून आहे.)

तुझ्या कॉलेजची विद्यार्थिनी येणार म्हटल्यावर मी काय काय बोलले होते, ते विसर. आमच्या आरोग्य केंद्रात मलाच धड बसायला जागा नाही, त्यात ही. पहिल्या दिवशी तिला लशींच्या फ्रिजशेजारी स्टुलावर बसवलं आणि ‘कशाला हात लावू नकोस’ म्हणून बजावलं. (माझी शिकवायची पद्धत एवढीच.) दुसऱ्या दिवशी तिने एका बाळाचं वजन दुपट्यासकट, खुळखुळ्यासकट लिहिलं. आईने खूश होऊन अख्ख्या गल्लीला सांगितलं. ते निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही शिवणकाम करणाऱ्या आजींकडे गेलो. रक्तदाबाच्या गोळ्यांवरून दोन वर्षं मी त्यांना ओरडतेय आणि दोन वर्षं त्या दार फटीएवढं उघडून ‘घेतल्या, घेतल्या’ म्हणतायत. मी दारातच व्याख्यान सुरू केलं, तर ही माझ्या काखेखालून आत शिरली आणि आजींना सुई ओवून देत बसली! ओवता ओवता विचारते, “आजी, धागा दिसत नाही, मग पाकिटावरचं कसं वाचता?”

“वाचतंय कोण? हाताला येईल ती घेते.”

ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. हिने आजींकडूनच बटणं घेतली आणि गोळ्यांच्या दोन कापडी पिशव्यांवर शिवली, सकाळच्या पिशवीला मोठं, संध्याकाळच्या पिशवीला छोटं. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीखही घेतली. ती जायच्या आठवड्यात आजींचा रक्तदाब ताळ्यावर आला. (तोवर माझं अर्धं टेबल तिचं झालं होतं. कसं, ते मला विचारू नकोस.)

आता आजी दार सताड उघडतात आणि माझ्या पाठीमागे बघतात. “ती कुठाय?” मी म्हणते, शिकून गेली. मग त्या सुई माझ्या हातात देतात आणि मी ओवायला बसते.

तुझी धाकटी

ता. क. तिचा मूल्यमापनाचा फॉर्म तुला मिळाला नाही, यात पोस्टाचा दोष नाही. तीन आठवडे तो माझ्याच खणात होता. पाठवला असता, तर ती खरंच गेली असं झालं असतं. पण तिचा निकाल अडलाय म्हणतेस, म्हणून सोबत जोडलाय. ‘त्रुटी’ या रकान्यात ‘लवकर गेली’ असं लिहिलंय. नियमात बसत नसेल तर खोड.

आणखी एक ता. क. पुढची विद्यार्थिनी कधी पाठवतेस? कुणीही चालेल. (खोटं. हीच पाहिजे.)