शेजारचा कटोरा

॥ श्री ॥

ब्रह्मा घाट, वाराणसी
२० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ईशानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारपासून माझ्या तर्जनीचे आणि अंगठ्याचे संबंध नको तितके घनिष्ठ झाले आहेत. तुझ्या पाकिटावर आगाऊ तिकिटं चिकटवायला पोस्टात गेलो होतो. तिथं डिंकाची एक सामायिक डबी असते. तिच्यातला ब्रश कोण्या देशभक्तानं फार पूर्वी लांबवला, त्यामुळं राष्ट्रसेवा बोटानं करावी लागते. खिडकीवरच्या बाबूनं पत्ता वाचून विचारलं, की घरात कुणाकडं व्हॉट्सॲप नाही का. मी सांगितलं, की बहीण सध्या सतराव्या शतकात नोकरीला आहे आणि तिथं रेंज येत नाही. त्यानं सहानुभूतीनं पाहिलं आणि एक तिकीट जास्त लावायला लावलं.

म्हणजे गुन्हेगार तूच. व्हर्जिनियातल्या त्या संग्रहालय-गावात तू पांढरी टोपी आणि लोकरी घागरा घालून चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज वसाहतवाल्यांचं घर चालवून दाखवणार. ते मायदेशी पत्रं कशी लिहीत हे लोकांना कळावं म्हणून रोज तासभर बदकाच्या पिसानं कागद काळे करणार. आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून मला धाडणार. इथवर ठीक. पण मीही हातानंच उत्तर द्यावं, ही अट कुठल्या राजानं घातली? वर्तमानपत्रातला माझा व्यंग्याचा रकाना मी गेली पंधरा वर्षं टाइप करतोय. मधल्या बोटावरचा शाळेतला घट्टा आता परत उगवलाय.

बातमी एकच, पण मोठी आहे. शरदिनी आत्यानं कोकणात जायचं काढलंय. आपले पूर्वज देवगडच्या अलीकडच्या त्या गावातून काशीला आले त्याला दोनशे वर्षं उलटून गेली. परत कुणी फिरकलं नाही. आता ऐंशीव्या वर्षी, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला असताना, आत्याला पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेला मूळच्या देवीसमोर स्वतःच्या हातचं देवीचं सांबारं ठेवायचंय. डॉक्टर म्हणाले, की लांबचा प्रवास हा शेवटचाच समजा. ती म्हणाली, की मग तर गेलंच पाहिजे. तुला माहीतच आहे, तिचं ठाम मत आहे की सगळी मराठी घरं बनारसी झाली, चहात आलं आणि बोलण्यात हिंदी शिरलं, पण हे सांबारं मात्र आपल्याकडं जसं कोकणातून आलं तसं आहे. जन्मभर तिनं एवढं एक राखलं.

बाकी क्षेम. ऑक्टोबरात मला ताप आला तेव्हा शेजारच्या लछमिना चाचीनं कटोराभर पातळ दाळ पाठवली होती. तो कटोरा अजून आपल्याच फळीवर आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही हा नियम. आणि नावाड्यांच्या घरी आपल्याकडचं नेमकं काय शोभेल हे आत्याला ठरवता येत नाही. मध्यंतरी त्यासाठी पेढे आणले होते. ते मी खाल्ले.

लोभ असावा; डिंकानं चिकटला नाही तरी चालेल.

तुझा दादा,
देवव्रत


विल्यम्सबर्ग, व्हर्जिनिया
११ डिसेंबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या बोटांच्या विवाहाबद्दल अभिनंदन. माझ्या बाहीवर शाईचा मोठा डाग पडलाय आणि पर्यवेक्षक बाई त्यावर खूश आहेत. म्हणतात, फार अस्सल दिसतो. काल एका आजोबांनी मला विचारलं, की मी कुठल्या जहाजातून आले. म्हटलं, दिल्लीहून, मधल्या रांगेतली सीट होती, दोन्हीकडचे घोरत होते. त्यांच्या बायकोनं माझ्या खांद्यावरून हाच कागद पाहिला आणि म्हणाली, की जुनं इंग्रजी किती सुंदर दिसायचं, प्रत्येक शब्दाला वर छप्पर असायचं. मी कशाला बोलू? तुझं अक्षर पाहिलं असतं तर छप्पर उडालेलं दिसलं असतं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी माझी पाळी चुलीवर होती. ह्या वसाहतवाल्यांची गोष्ट तुला माहीत आहे. गहू घेऊन आले, तो इथं नीट धरला नाही. जहाज वेळेवर येईना. एका हिवाळ्यात निम्म्याहून जास्त माणसं उपाशी मेली. नदीकाठी आधीपासून राहणाऱ्यांनी मका दिला, कसा कुटायचा, कसा भाजायचा, तेही दाखवलं. पुढं दोन-तीन पिढ्यांनी ह्यांच्या नाती तीच भाकरी आमच्या आजीची म्हणून छातीवर हात ठेवून सांगायला लागल्या. हे मी रोज हसत हसत सांगते, लोकही हसतात. मंगळवारी सांगता सांगता माझा हात पिठातच थांबला.

दादा, आत्याच्या सांबाऱ्यातले हिरवे मटार कोकणात कुठून आले रे? आणि मोहरीचं तेल? कोकणातली देवी मोहरीच्या तेलातलं खाते?

तो निमोना आहे, दादा. चाचीचा निमोना. हिरवे मटार पाट्यावर भरड वाटायचे, मोहरीच्या तेलात परतायचे, पातळ करायचे. त्यातून लसूण काढला आणि वर खोबऱ्याच्या कातळ्यांची टोपी घातली, की झालं देवीचं सांबारं. जशी माझी ही टोपी. थंडीत आपण दोघं गच्चीवरून उडी मारून चाचीकडं जायचो, चुलीजवळ बसून निमोना-भात खायचो, आणि घरी येऊन पुन्हा आत्याच्या पुढ्यात सांबारं खायचो. तोंडाला लागलेलं तेलसुद्धा एकच होतं आणि आपल्या कधी डोक्यात आलं नाही. आत्याच्या तर येणारच नाही. तिनं बाहेरचा घास आयुष्यात कधी घेतला नाही.

तेव्हापासून मला इथं चुलीवर सारखा तोच वास येतोय. नदीवर धुकं, पलीकडचा काठ गायब, आत्या उन्हाच्या एवढ्याशा पट्ट्यात मटार सोलत बसलेली, आणि आपण दर चार दाण्यांतला एक चोरणारे.

पण तिला सांगायचं का? तिथं देवळात कुणी हसलं तर? सगळ्या जन्मात तिनं एकच गोष्ट खात्रीनं आपली म्हटली. तू काहीतरी कर. मोठा तू आहेस.

माया कमी होऊ देऊ नकोस, आणि उत्तर लवकर दे.

तुझी,
ईशानी


॥ श्री ॥

ब्रह्मा घाट
२७ डिसेंबर २०२५

चि. सौ. ईशानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. गच्चीवर वाचत होतो, समोर कठड्यावर माकड बसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की ह्यानं हे हिसकावून न्यावं आणि खाऊन टाकावं. पण गरजेच्या वेळी ह्या शहरात माकडही कामाला येत नाही.

तुझं बरोबर आहे. मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं, दुसरं काही निघत नाही. लोकांची बिंगं फोडण्यावर माझं पोट चालतं, आणि आपल्याच स्वयंपाकघरातलं हे भलंमोठं बिंग पन्नास वर्षं मी भातावर ओतून घेत होतो.

सकाळी प्रयत्न केला. आत्या झोळी भरत होती. मी आडून सुचवलं, की एवढ्या लांब मटार कशाला वाहायचे, तिकडंच घेऊ. तिनं मला सातवी नापास मुलाकडं पाहावं तसं पाहिलं. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या बाईची ती नजर, तुला ठाऊक आहे. म्हणाली, की तिकडं आता काय मिळतं कुणास ठाऊक, लोक बिघडलेत. आपण इथं जपलंय तेच देवीला दाखवायला तर चाललोय. मग ओल्या फडक्यात मटार गुंडाळले, पाट्याऐवजी छोटा खलबत्ता घेतला, तेलाची बाटली घेतली. ती बाटली तिनं माझ्याच पिशवीत ठेवली.

पुढं माझ्यानं बोलवलं नाही. परवा निघतोय. मी हमाल म्हणून चाललोय असं समज. सत्य माझ्या पिशवीत आहे, घट्ट बूच लावून.

जीव लावून आहेस, तसाच ठेव.

दादा


विल्यम्सबर्ग
६ जानेवारी २०२६

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून मिळालेलं नाही, म्हणजे तू तिला सांगितलंस की नाही हेही माहीत नाही. पौर्णिमा होऊन गेली. फोन करता आला असता, तीनदा हातात घेतला आणि ठेवला. आत्यानं उचलला आणि तिचा आवाज बारीक लागला तर मी इथं टोपीत तोंड लपवून काय करणार होते?

आमच्या गावाच्या फाटकाशी एक दगड आहे. पहिल्या जहाजांतून आलेल्यांची नावं त्यावर कोरलीत. सुतार, न्हावी, कोण कोण. काल बर्फ झाडताना सगळी वाचली. मका देणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही. कुणाला विचारावं तर कुणालाच माहीत नाही. लिहून घ्यावं असं तेव्हा वाटलं नसेल. पोट भरत होतं ना.

आपल्या घरी तरी कुठं माहीत आहे?

हे पत्र छोटं आहे, कारण हात गारठलेत. तिला माझा नमस्कार सांग, काहीही झालं असलं तरी. तिच्या मनातली माझी जागा तेवढी राखून ठेव.

ईशानी


॥ श्री ॥

ब्रह्मा घाट
२४ जानेवारी २०२६

चि. सौ. ईशानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाऊन आलो. आत्या धडधाकट आहे. आता क्रमानं सांगतो.

कणकवलीला उतरलो. आत्यानं रिक्षावाल्याला तिच्या सर्वात शुद्ध मराठीत गावाचा रस्ता विचारला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि हिंदीत उत्तर दिलं. गावापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. पण खाडी दिसली तशी माझ्याकडं वळली. म्हणाली, की हे पाणी दोन्हीकडं जातं, आपली गंगा एकाच दिशेला. बस, एवढंच.

गुरवाच्या पडवीत तिनं मटार कुटले, त्यांच्या चुलीवर सांबारं केलं. मोहरीच्या तेलाचा धूर झाला तशी त्यांची पोरं खोकत बाहेर पळाली. पातेलं घेऊन ती देवळात गेली. गुरवाची आई, आत्याच्याच वयाची, पुढं आली आणि पातेल्यात डोकावून विचारलं, की हे हिरवं काय. आत्यानं ताठ मानेनं सांगितलं, की देवीचं सांबारं, वाटाण्याचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. म्हातारी म्हणाली, की देवीचं सांबारं काळ्या वाटाण्याचं असतं, आंबोळीबरोबर; हिरवा वाटाणा तिनं कणकवलीला पिशवीतला गोठवलेला तेवढा पाहिलाय.

ईशानी, लोकांचे चेहरे पडताना पाहणं हा माझा धंदा. तो एक चेहरा मला पाहवेना. मी देवळाचं छत पाहत राहिलो. छत बरं आहे, कौलं नवी आहेत.

म्हातारीनं मात्र पातेलं आत्याच्या हातून काढून घेतलं, देवीपुढं ठेवलं आणि दिवा सरळ कर म्हणून मुलावर खेकसली. मग आत्याला म्हणाली, की लांब दिलेली लेक माहेरी येते तेव्हा सासरी जे पिकतं तेच आणते. आई काय ते परत धाडते? तिनंच सगळ्यांच्या हातावर प्रसाद म्हणून वाढलं. पोरांनी बोटं चाटली. एकानं दुसऱ्यांदा मागितलं.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसून होती. मला वाटलं, मोडली. जबलपूरला चहा घेतला तेव्हा कप हातात धरून म्हणाली, की देवू, काशीला येताना पूर्वजांनी काळे वाटाणे बांधून आणले असतील, ते पहिल्याच वर्षी संपले असणार. पौर्णिमा आली, हातात काही नाही, ओळखीचं कुणी नाही. तेव्हा शेजारी कोण होतं रे?

मी म्हटलं, की चाचीचे सासरे सांगायचे, घाटाला दगड लागायच्या आधीपासून नावाड्यांची घरं तिथंच आहेत. मुगलसरायपर्यंत तिनं तो कप टाकलासुद्धा नाही.

काल वसंत पंचमी झाली. सकाळी उठलो तर पाट्याचा आवाज. पौर्णिमा होऊन गेली होती, देवीचं काही कारण नव्हतं. चाचीचा कटोरा तिनं फळीवरून काढला, राखेनं घासला आणि काठोकाठ भरला. वर खोबऱ्याच्या कातळ्या ठेवल्या. मग काढल्या. मग पुन्हा ठेवल्या, निम्म्याच. मी विचारलं, की चाचीला काय सांगू. म्हणाली, की सांगायचं काय त्यात, भांडं त्यांचंच आहे.

धुकं उतरलं नव्हतं. चाची ओट्यावर जाळं पसरून बसली होती. तिनं झाकण उचललं, वास घेतला आणि विचारलं, की निमोना तर छान आहे, पण शरदिनी बहिनजी लसूण घालायचं विसरली की काय. मी म्हटलं, वाटेत राहिला असेल.

कटोरा तिच्या हातात दिला आणि परत आलो. हात रिकामे होते. बऱ्याच दिवसांनी हलके वाटले.

लोभ आहेच. तोही रिकामा परत पाठवू नये.

तुझा दादा,
देवव्रत