‘ह’ नंतर ‘ळ’

८ ऑक्टो. १९५६, सोमवार
मराठी विभागाची कार्डे आज पुरी झाली. सगळी माझ्या हातची. ग्रंथपाल शर्माजींनी एकेक खण ओढून पाहिला. म्हणाले, "केशवराव, अक्षर हैं कि मोती. इंटर फेल कौन कहेगा आपको." शेवटचे वाक्य नसते तर बरे झाले असते. पण नेमणूक पक्की करण्याची शिफारस लिहितो म्हणाले. आई म्हणाली, कागद हातात येईपर्यंत कुणाकडे बोलू नको.
पुस्तकेही कार्डांच्याच क्रमाने लागली. रामरतन दफ्तरीने, आमच्या बांधणीवाल्याने, लावली. त्याला वाचता येत नाही. मी सांगायचे, त्याने ठेवायचे. मग पुठ्ठ्याच्या रंगावरून ते त्याच्या कायम लक्षात.

२२ ऑक्टो., सोमवार
ताप. छुट्टीचा अर्ज पाठवला. नेमकी आजच ग्वाल्हेरच्या तपासनिसांची मोजणी सुरू. १ तारखेपासून मध्य भारत जाऊन नवे राज्य, राजधानी भोपाळ. पुढे इथे विद्यापीठ झाले की कॉलेजची पुस्तके त्यांच्याकडे. तेव्हा आधी सगळे मोजलेले हवे.

२६ ऑक्टो., शुक्रवार
रुजू झालो. सतरा मराठी पुस्तके सापडली नाहीत. तपासनिसांनी जुन्या यादीतून नाव वाचायचे, खणात कार्ड शोधायचे, कार्ड मिळाले तर त्याच्या नंबराने पुस्तक मागवायचे. सतरांची कार्डेच नाहीत. म्हणजे कुणीतरी पुस्तकांबरोबर कार्डेही काढली, असा त्यांचा निष्कर्ष.
रामरतनच्या घरी जुने पुठ्ठे निघाले. तो फाटके पुठ्ठे घरी नेतो, खळ लावून दाबतो, पुन्हा बांधणीला आणतो. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तपासनिसांना नव्हते. त्याला निलंबित केले.
कोणती पुस्तके, असे विचारले. शर्माजी म्हणाले, "यादी सीलबंद है. आप बीमार थे न? बीमार ही रहिए."

१ नोव्हें., गुरुवार
कॉलेजात झेंडा, नव्या राज्यावर भाषण, पेढे. रामरतन सवयीने सकाळीच फाटकाशी येऊन उभा. आत येऊ दिले नाही. मला म्हणाला, "केसव भैया, म्हने एक पानो भी नी बेच्यो." मी म्हटले, मला माहीत आहे. पण काय माहीत आहे, ते सांगता येईना.

१४ नोव्हें., बुधवार
हे नीट लिहून ठेवले पाहिजे.
दुपारी कु. सक्सेना आल्या. एम. ए. च्या विद्यार्थिनी, माळव्यातील जुन्या तलावांवर प्रबंध लिहितात. चिठ्ठीवर लिहिले होते ‘मालव्यातील तलाव’. म्हणाल्या, "तीन बार देखा, खण में मालवा की एक भी किताब नहीं. मालवा में बैठकर."
मी पुढचा खण ओढला आणि कार्ड काढून दिले. ‘माळव्यातील तलाव’.
"यह तो आपने मा-ह के भी बाद रखा है."
"ळ ‘ह’ नंतरच येतो. ह, ळ, क्ष, ज्ञ."
"हमारे यहाँ तो आता ही नहीं."
त्या पुस्तक घेऊन वाचायला बसल्या. मी खणाशी उभाच. तपासनिसांची यादी हिंदी यंत्रावर टाइप केलेली. त्यात माळव्याचा मालवा झालेला. त्यांनी ‘मार’ आणि ‘माव’ यांच्या मध्ये पाहिले असणार. तिथे काहीच नाही. मी ‘माळ’ने सुरू होणारी कार्डे मोजली. दोनदा मोजली.
सतरा.

१६ नोव्हें., शुक्रवार
खरा प्रकार सांगणारा अर्ज तीनदा लिहिला. शुद्धलेखन तपासले. दिला नाही. माझी शिफारस शर्माजींच्या टेबलावर सहीसाठी पडली आहे. आधी ती जाऊ दे, मग अर्ज, असे मनात आले. हे मी आज लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२० नोव्हें., मंगळवार
आईला सांगितले. ती चहा गाळता गाळता थांबली. "त्या म्हाताऱ्याच्या घरी चूल पेटते की नाही, ते बघितलंस का? नाही ना? मग जा, दे तो कागद."
दिला. शर्माजी मला घेऊन अलमारीशी गेले. सतराही पुस्तके ओळीने उभी. एकेकाचा नंबर ताडून पाहिला. मग म्हणाले, "तपासनीस दस्तखत करके लिख गए हैं कि ये नहीं हैं. अब जो हैं, इनका क्या करूँ?"
शेवटी, "टाइप कीजिए. हाथ का लिखा कोई नहीं पढ़ता. हिंदी में."

२१ नोव्हें., बुधवार
यंत्रावर ळ नाही.
वाक्य उमटले ते असे: मराठी में ‘ल’ तथा ‘ल’ भिन्न अक्षर हैं, एवं ‘ल’ का स्थान ‘ह’ के पश्चात् है. तिन्ही प्रतींवर दुसऱ्या आणि तिसऱ्या ल च्या जागी शाईने ळ काढला. शर्माजींनी प्रती परत केल्या. "सरकारी कागज़ पर ऊपर से कलम? छेड़छाड़ मानी जाएगी." मी म्हटले, पण मग अर्थच राहात नाही. "अर्थ वे समझ लेंगे. आप कागज़ साफ़ रखिए."
पुन्हा टाइप केले. शुद्ध, स्वच्छ. गेले.

१० डिसें., सोमवार
ग्वाल्हेरचे उत्तर. प्रकरण भोपाळला वर्ग केले आहे.

१४ जाने. १९५७, संक्रांत
भोपाळचे उत्तर शनिवारी आले. असे प्रकरण आमच्याकडे पोचलेले नाही. शर्माजींनी दुसरी प्रत पाठवली.
आईने तिळगूळ दिला, तो मी रामरतनकडे नेला. तो आता देवास गेटच्या बस स्टँडजवळ बसतो, मुलांची शाळेची पुस्तके बांधून देतो. तिळगूळ कपाळाला लावून तोंडात टाकला. "जवाब आयो, भैया?" नाही म्हटले. "आवेगो. नवो राज है, टेम तो लगे." मलाच धीर देत होता.

६ फेब्रु., बुधवार
माझी नेमणूक पक्की झाली. आईने कागद देवापुढे ठेवला. नमस्कार करून उठली आणि विचारलेच, "आणि त्याचं?"
त्याचेही उत्तर आजच्याच टपालात आहे. जसेच्या तसे उतरवतो: ‘ल’ तथा ‘ल’ में क्या अंतर है, स्पष्ट करें. तब तक निलंबन यथावत् रहेगा.
शर्माजी आधी हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

९ फेब्रु., शनिवार
रामरतनला पत्र वाचून दाखवले. समजावून सांगताना मलाच ऐकायला कसेसे वाटत होते. चूक माझी, हेही आज पहिल्यांदा त्याला सांगितले. तो हातातला दोरा ओढत राहिला. म्हणाला, "कसो है यो अक्सर? बताव तो."
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठा ळ काढून दिला. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला. ळ दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.
"इत्तो सो," म्हणाला. तुकडा बंडीच्या खिशात ठेवला. रागावला असता तर बरे वाटले असते.

१८ फेब्रु., सोमवार
खुलासा या वेळी हाताने लिहिला. वेगळ्या कागदावर ळ, वीतभर. शर्माजींनी सही केली. पाकीट बंद करताना म्हणाले, "वहाँ फ़ाइल पर चढ़ाने को फिर टाइप होगा, यह जान लीजिए."
दुसरे म्हणाले ते असे की विद्यापीठाचे लोक पाहणीला येणार, तेव्हा मालवा ‘ल’ मध्ये लावून टाका, विद्यार्थ्यांना पुस्तके मिळाली पाहिजेत. कु. सक्सेनांनाही अजून पाच हवी आहेत. शर्माजींचे बरोबर आहे.
सतरा कार्डे काढून हातात घेतली. ‘ल’ मध्ये लावली तर पुस्तके सगळ्यांना सापडतील. मग ती तपासनिसांना का सापडली नाहीत, याचा पुरावा कुठे उरला? आणि होती तिथेच ठेवली, तर ती माझ्याशिवाय कुणालाच सापडणार नाहीत.
पाच वाजले. शिपाई खिडक्या लावू लागला. कार्डे माझ्या टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावले. आजच्यापुरती ती खरोखरच कुठे नाहीत.