आबांची घोंगडी

पप्पा,

मी शाळेत निघाले. गुरांच्या डॉक्टरांना मीच फोन करून बोलावलं, एकटीनं! ते हिराला तपासून गेले; तिच्या पाठीवर बुरशी झालीय. ऊन तापलं की कोमट पाण्यात औषध घालून फक्त चट्टे पुसा आणि लगेच कोरडे करा. रविवारच्या वरातीला तिच्यावर खोगीर घालायचं नाही म्हणजे नाही!

चूक माझीच. थंडी वाजेल म्हणून मी घामेजलेल्या हिरावर तशीच आबांची घोंगडी टाकायचे. आबा आधी गवतानं तिची पाठ चोळायचे. "पहिले सुकू दे, मंग पांघराड, बेटा," म्हणायचे. मला नेमकं पांघरवणंच आठवलं.

घोंगडी कढत पाण्यात धुतलीय. आबांच्या तंबाखूचा वास गेला. तुम्ही ती गुपचूप हुंगायचात, मी पाहिलंय. म्हणून तोंडावर सांगवलं नाही.

जागृती