तुमच्या सहीखालचं एक वर्ष

बाबूजी, शाळा सुटली की मी घरी न जाता गणवेशातच आपल्या राईस मिलच्या ऑफिसात यायचे, ते आठवतं का तुम्हाला? बाहीवर कोंडा बसलेला, कानात यंत्राची घरघर. तुम्ही मराठीत सांगायचात आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या तिरप्या अक्षरात मी ते इंग्रजीत उतरवायचे. एकदा तुम्ही धानाचा ट्रक उतरवून घेत होतात, कागदासाठी माणूस खोळंबला होता, म्हणून सहीही मीच करून टाकली. हुबेहूब. तुम्ही ती निरखून पाहिलीत, हसलात आणि कागद फाडलात. "मी मरून गेलो का? माही सही मीच करीन."

दोन वर्षांपूर्वी मी ती पुन्हा केली. लेकीला शिकायला परदेशी जायचं होतं. पदवीनंतरचं तिचं एक वर्ष घरीच गेलं, माझ्या ऑपरेशनमुळे. मला आंघोळ घालण्यात, पथ्याचं रांधण्यात. व्हिसाचा एजंट म्हणाला, "मॅडम, गॅप का कुछ प्रूफ दे दो." दवाखान्याचे कागद चालले असते, हे आता कळतं. पण माझ्यापायी पोरीचं वर्ष गेलं हे लिहून द्यायला माझा हात धजेना. भावाच्या कपाटात मिलचे जुने लेटरहेड होते, शिक्का होता. तिने वर्षभर आपल्या मिलमध्ये काम केलं असं लिहिलं, खाली तुमची सही केली आणि पाकीट परस्पर एजंटला नेऊन दिलं. मिल केव्हाच बंद पडलेली, तुम्ही त्याच्याही आधी गेलेले. व्हिसा ऑफिसने चौकशी केली. व्हिसा नाकारला, कारण दिलं: खोटा दाखला.

लेक समजते, ते एजंटचं काम. परवा नागपूरला नवा अर्ज द्यायचा आहे, आणि मागच्या अर्जातली चूक खुलासा करून दुरुस्त करावी लागते. तिने लिहिलं आहे की दाखला एजंटने बनवला. काल मला वाचून दाखवत होती, मी पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. "मम्मी, तू काऊन टेन्शन घेऊन राहिली? फ्रॉड त्यानं केला, आपण थोडीच?" तो एजंट बिचारा मुर्री गावाच्या रस्त्यावर भेटला की अजून नमस्कार करतो. हा खुलासा गेला तर दुसरं खोटं होईल, तेही तिच्या सहीने, आणि या वेळी सापडलं तर कित्येक वर्षं दार बंद.

आज सकाळी वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणलं: दाखला मी लिहिला, सही मी केली. मूळ प्रत अर्जासोबत जाईल. एक एजंटला, ती मी स्वतः नेऊन देईन. एक भावाला, कारण कपाट उघडताना त्याला विचारलंही नव्हतं. शिक्का आणि कोरे कागद वकिलाकडे ठेवले. हे पत्र कुणालाच द्यायचं नाही. लेकीला कागद नको, तिला तोंडानेच सांगायचं, असं ठरवून दुपारपासून बसले आहे. ती दोनदा डोकावून गेली, "चहा मांडू का?" म्हणून. दोन्ही वेळा मी हो म्हटलं, एवढंच.