मासोळ्यांचं उदाहरण

बपेरा, मंगळवार, संध्याकाळ

महिनाभर ही वही टाळली. लिहिलं की कबूल करावं लागतं, म्हणून.

सानगडीच्या आत्याच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन माझ्यामुळे थांबलं. बेशुद्धीच्या औषधानं गाठीच्या पेशी वाढू शकतात, असं मीच मोबाईलवर एका लेखात वाचून तिला सांगितलं. वर शहाणपणा म्हणून तळ्यातल्या मासोळ्यांचं उदाहरण दिलं. मासे धरायला रानातली गुंगीची फळं कुटून पाण्यात टाकली की मासोळ्या गुंगतात, पण शेवाळ वाढतच राहतं ना? आत्या म्हणाली, "मंग मले नाही गुंगाचं." ऑपरेशनच्या दिवशी ती गेलीच नाही.

आज त्या लेखाचा उरलेला भाग वाचला. प्रयोगशाळेत काही औषधांनी पेशी वाढल्या, काहींनी उलट मंदावल्या. माणसांत अजून पक्कं काही नाही. या भीतीनं ऑपरेशन टाळू नका, असं शेवटी साफ लिहिलंय. शेवटी! मी शेवटापर्यंत कधी काय वाचलं? दहावीचं पुस्तकही नाही.

मासोळ्या कायले सुचल्या मला? घरच्यांसमोर हुशार दिसायचं होतं, दुसरं काय. आणि आता सानगडीला जाऊन चूक सांगायची सोडून इथे मित्राकडे लपून बसलोय. उद्या राज्याची हद्द ओलांडून बालाघाटकडे सटकायचंही ठरवून झालं.

बाहेरून मित्र ओरडून राहिला आहे: "अबे, तुई आत्या आली! एकटीच, पत्ता काढत, दवाखान्याची फाईल घेऊन. म्हणते, गाठ वाढली, आता फाईल पोट्ट्याकडून शेवटापर्यंत वाचून घ्याची आहे."